एकच क्लिक, फक्त एकच

२०२२ मध्ये गॉडविट जातीच्या एका लहानग्या पक्ष्याने अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता, अकरा दिवसांत कापले. असले प्रवासी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही उतरतात. आक्षी किनाऱ्याच्या ओल्या वाळूत किडे टिपणाऱ्या तुताऱ्या आणि चिखल्या या पक्ष्यांना ओहोटीचे मोजके तासच जेवायला मिळतात. नेमक्या त्याच वेळी तोफेएवढी लेन्स घेऊन हौशी छायाचित्रकार अवतरतो. पक्षी मान वर करतो, खाणे थांबवतो, दोन पावले सरकतो. छायाचित्रकाराला वाटते, पोझ दिली! मग थवा उडतो आणि पंख पसरलेला ‘ॲक्शन शॉट’ मिळतो. खरे तर तो फोटो म्हणजे पक्ष्याला ताटावरून उठवल्याचा रंगीत पंचनामाच.

कोणी म्हणेल, दुर्मिळ पक्ष्याची नोंद फोटोशिवाय मानतो कोण? मान्य. पण ओळखीला चोच, पाय आणि पिसांची नक्षी पुरते. लांबून काढलेली एखादी धूसर चौकटही पुरावा ठरते. पिसापिसावरचा सोनेरी उजेड हवा असतो तो लाइक्सना. दुसरा युक्तिवाद, ‘एकदाच तर उडाला!’ खरेच आहे. प्रत्येकाने एकदाच उडवला. रविवारी किनाऱ्यावर तीस जण होते, एवढेच. पक्षीप्रेम मोजायचेच असेल, तर लेन्सच्या लांबीने नको, राखलेल्या अंतराने मोजावे. पाठ फिरवल्यावरही पक्षी खातच राहिला, तर फोटो उत्तम आला असे समजावे.