सव्वाआठचं ऊन

प्रभादेवीतल्या आमच्या चाळीत ऊन सव्वाआठला येतं आणि पावणेनऊला जातं. पूर्वी ते दिवसभर मुक्कामाला असायचं म्हणे. मग समोर गिरणीच्या जागेवर एक टॉवर आला, त्याच्या शेजारी दुसरा. आता दोघांच्या फटीतून सांडेल तेवढंच आमचं. त्या अर्ध्या तासावर पापड, उशा आणि तळमजल्यावरच्या अण्णांचे गुडघे यांचा वडिलोपार्जित हक्क होता. त्यात आमचे चिरंजीव जन्मले.

जन्मानंतर चौथ्या दिवशी, घरी आल्यावर आई म्हणाली, "पोर पिवळं दिसतंय रे."

"गोरा आहे तो," बायको म्हणाली.

"आमच्याकडे सगळे गोरेच," सासूबाईंनी घराण्याचा मुद्दा लगेच नोंदवला.

रात्री गॅलरीतल्या पिवळ्या बल्बखाली नेऊन पाहिलं, तर अख्खा मजलाच काविळीचा दिसला. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे कावीळ बाळाला आणि पिवळं आम्हाला दिसत होतं.

सकाळपर्यंत बातमी तीन मजले फिरली. समोरच्या काकूंनी बायकोची हळद बंद केली. कोणी ग्लुकोजचं पाणी सुचवलं. एका मावशींनी काविळीची माळ आणायची तयारी दाखवली. कावीळ उतरेल तशी ती लांब होते म्हणे. दोरा सैल झाला की कुठलीही माळ लांब होते, हे मी मनातच म्हटलं. आईचं एकच पालुपद : "ऊन दाखवा. तुला उन्हानंच बरं केलं."

वाटाघाटी होऊन पापड सरकले, अण्णांनी एक गुडघा मागे घेतला. ऊन आलं आणि बाळाच्या डाव्या पायावर पडलं. उजवा पाय पुढे आणेपर्यंत पावणेनऊ झाले.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "किती तासांचा?" मला स्वतःचं वय वर्षांतही आठवत नाही. बायकोनं बोटं मोजून शंभर सांगितले. बाईंनी त्याला खिडकीच्या उजेडात नेलं, कपाळ दाबून पाहिलं, मग तळपाय. तळपायही पिवळे! रक्त घेतलं, आकडा त्याच्या तासांच्या तक्त्यावर लावला आणि दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवायचं ठरलं.

मग त्यांनी मला समजावलं. जन्मल्यावर जादा तांबड्या पेशी फुटतात, त्यातून बिलिरुबिन निघतं. ते निकालात काढणारं लिव्हर म्हणजे नुकताच कामावर लागलेला कारकून. टेबलावर फायली साचतात, पोर पिवळं पडतं. दिवस भरलेल्या बाळांपैकी दहातल्या सहांना हे होतं आणि बहुतेकांचं आठ-पंधरा दिवसांत जातं. दिवसाकाठी आठ-बारा वेळा अंगावर पाजायचं; शीवाटे फायली निघतात. ग्लुकोजचं पाणी नको. पण पिवळेपणा पहिल्या चोवीस तासांतच आला, बाळ मलूल पडलं, ओढेना, किंवा शी पांढरट झाली, तर कुणाचाही सल्ला न ऐकता पळत यायचं. आकडा फार चढला तर मेंदूला धोका असतो.

"आणि ऊन?"

"उन्हाचा डोस लिहून देता येत नाही," त्या म्हणाल्या. "प्रभादेवीत तर मिळतही नाही."

निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी, कमरेला लंगोट, अशा थाटात चिरंजीव दोन दिवस लालबागच्या देखाव्यासारखे पहुडले. निळा उजेड बिलिरुबिनचा आकारच बदलतो आणि ते लिव्हरच्या सहीशिवाय बाहेर पडतं. उजेडानं कावीळ उतरते हे कळलं तेही एका नर्समुळे : 1956 साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड या सिस्टर बाळांना उन्हात न्यायच्या. एका बाळाचं ऊन लागलेलं अंग फिकं झालं आणि चादरीखालचा भाग पिवळाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. "बघ," ती म्हणाली, "त्या बाईला तरी कळलं."

"पण आता दिवा आहे ना, आई. मोजून देता येतो."

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला आई पुन्हा गॅलरीत. मी धावलो. बाळ आत झोपलेलं होतं. दोरीवर नऊ लंगोट होते, आणि अण्णांचा एक गुडघा अजून सावलीत.

"त्याला नाही रे," आई म्हणाली. "फायली वाळत घातल्यात."