तोंड मिटा, गुरुजी

हावडा-मुंबई मार्गावर 'तुमसर रोड' अशी पाटी दिसली म्हणून तुम्ही उतरलात, तर उतरता देव्हाडीत. तुमसर तिथून पुढे, ऑटोने. नावावर जाऊ नये, हे आम्ही तुमसरकर असे लहानपणीच शिकतो. तरी रद्दीच्या दुकानात मी नावावर गेलोच. मुखपृष्ठ गेलेलं, पहिल्या पानावर 'संतचरित्रे' एवढंच उरलेलं जाड पुस्तक मी किलोच्या भावाने घेतलं. ज्ञानोबा-तुकोबा असतील, अगदीच नाही तर गोरोबाकाका तरी भेटतील, अशी अपेक्षा. घरी येऊन उघडलं तर आत संत लॉरेन्स, संत अँथनी, संत सिमेऑन. सगळे कॅथलिक.

"वजनावर आणलंय, वाचून टाका," असं सौभाग्यवतींनी सुचवलं.

निवृत्तीनंतर माझ्याकडे एकच सरकारमान्य काम आहे, सकाळी दूध आणण्याचं. वाटेत बसस्टँडजवळ चहाची टपरी लागते आणि तिथल्या बाकावर मी माणसं पाहत बसतो. पूर्वी नुसतीच पाहायचो. आता रात्री एक संत वाचायचा आणि सकाळी तो तुमसरात शोधायचा, असा क्रम लागला.

लॉरेन्स पहिल्याच दिवशी सापडला. हा रोमचा, इसवी सन 258 मधला. त्याला म्हणे लोखंडी जाळीवर भाजून मारलं आणि तो अर्ध्यातच म्हणाला, ही बाजू झाली, आता उलटवा. तेव्हापासून स्वयंपाकी लोकांचा तो पाठीराखा. आमच्या टपरीशेजारी मे महिन्यात, भर उन्हात, भट्टीला छाती लावून समोसे उलटवणारा पोरगा आहे. तोही तेवढ्या आचेत गिऱ्हाइकाशी थट्टा करतो. मी त्याला मनातल्या मनात संतपद देऊन टाकलं आणि एक समोसा जास्त घेतला.

सिमेऑन सीरियातला. लोकांचा ताप नको म्हणून खांबावर चढला आणि वरच 37 वर्षं राहिला. तो जितका उंच गेला तितकी खाली गर्दी वाढली. हा मला धानाच्या बाजारात मिळाला. पोत्यांच्या थप्पीवर, पार वरच्या पोत्यावर एक हमाल दुपारी झोपतो. खाली अडत्या ओरडतो, शेतकरी ओरडतो, काटेवाला ओरडतो. वरून उत्तर नाही.

अँथनी हरवलेल्या वस्तू शोधून देतो. आपल्याकडे हे खातं कार्तवीर्यार्जुनाकडे आहे आणि आमच्या घरात ते पत्नीकडे. चष्मा माझ्या कपाळावर आहे हे सांगायला तिला मंत्र लागत नाही.

या सगळ्यांत आपल्याकडचा एकच निघाला, वसईचा गोन्सालो गार्सिया. जपानी भाषा शिकला, व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन झाला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर गेला. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो. पण त्याला संत जाहीर केलं कधी? 1862 साली. म्हणजे 265 वर्षांनी! माझा निवृत्तिवेतनाचा एक कागद एका कार्यालयात तीन वर्षं अडकला होता, तेव्हा मी बराच आरडाओरडा केला होता. त्याची मला नंतर लाज वाटली.

आपल्याकडे संत होणं सोपं. चार लोकांनी म्हटलं, पाचव्याने पालखी आणली, झालं. रोममध्ये रीतसर फाइल लागते, साक्षी लागतात, चमत्कार तपासले जातात. वर उमेदवाराच्या विरोधात बोलायला एक माणूसच नेमलेला असे. हे पद 1587 मध्ये निघालं, लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. 1983 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याचे अधिकार छाटले. छाटण्याआधी तुमसरला विचारायला हवं होतं. टपरीवर कुणी "फलाणा मोठा सज्जन माणूस होता जी" म्हणायचा अवकाश, बाकावरून तीन वकील उठतात. "सज्जन होता, पण धुऱ्याचं काय केलं?"

असं सगळं गाव वाटून झाल्यावर मला स्वतःची आठवण झाली. मी कोण? पान उलटलं तर फ्रान्सिस दि सेल्स. नागपूरचं कॅथेड्रल आणि तिथलं कॉलेज याच्याच नावाचं, म्हणजे आमच्याच पट्ट्यातला म्हणायचा. लोक ऐकायला येत नाहीत म्हणून हा प्रवचनं कागदावर लिहून त्यांच्या दाराखालून सरकवायचा. 1923 पासून लेखक-पत्रकारांचा अधिकृत पाठीराखा. मी वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो, ती छापत नाहीत, तरी लिहितो. जुळतंय, असं मी घरी जाहीर केलं.

"स्वभाव कसा होता त्यांचा?" पत्नीने विचारलं.

"मूळचा तापट. पण वर्षानुवर्षं मेहनत करून शांत केला."

ती काही बोलली नाही. भाजी चिरत राहिली. पण फाइल बंद झाली, हे मला कळलं.

दुसऱ्या रात्री कुपर्टिनोचा जोसेफ आला. जन्म 1603, इटलीत. अमेरिकेतल्या ज्या कुपर्टिनोत आयफोनवाल्यांचं मुख्यालय आहे, त्या गावाचं नाव मुळात याच्यावरून पडलेलं. हा पोरगा वर्गात कुठेतरी टक लावून बसायचा आणि तोंड उघडंच राहायचं. पोरांनी नावच पाडलं, 'आ वासलेला'. एका मठाने हातून ताटं पडतात म्हणून हाकलला. पुढे पाद्री होण्याच्या परीक्षेत बिशपने पहिल्या काही जणांना प्रश्न विचारले, ते इतके हुशार निघाले की उरलेल्यांना न विचारताच पास केलं. उरलेल्यांत जोसेफ होता! तो परीक्षार्थींचा संत आहे. प्रार्थनेत तो जमिनीवरून वर उचलला जाई असं सांगतात, म्हणून वैमानिकांचाही.

एकतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे रुचणं शक्य नव्हतं. आ वासलेली पोरं माझ्याही वर्गात होती. एक खिडकीपाशी बसायचा. बाहेर हातगाडी दिसो, म्हैस दिसो, हा तोंड उघडून बघत राही. मी खडू फेकायचो. नेम चांगला होता माझा. खडू लागला की म्हणायचो, तोंड मीट, माशी जाईल.

सकाळी बाकावर बसून मी याचाच विचार करत होतो. समोरून तिरोडीकडची एसटी लागली, एक बाई कोंबडी काखेत धरून चढली, कंडक्टर कोंबडीचं तिकीट मागू लागला. मी पाहत राहिलो. किती वेळ, देव जाणे.

"गुरुजी," टपरीवाला गाळणी झटकत म्हणाला, "तोंड मिटा न जी. माशी जाइन."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोक्यावर टक्कल, मिशा पांढऱ्या होत चाललेल्या. पण खिडकीपाशी बसवून पाहिलं तर तोच.

"तूच का रे तो?"

"हौ जी. तुमीच तं सांगत होते मले." आणि त्याने चहा पुढे केला, साखर कमी. माझी शुगर त्याला केव्हापासून माहीत होती, मी कधी विचारलं नव्हतं.

त्याने पैसे घेतले नाहीत. घरी पोचलो तेव्हा दुधाची कॅन बाकावरच राहिल्याचं पत्नीने सांगितलं.