चार लाख वीस

पोरीनं गेट पास केली, नागपूरला एम.टेक.ला नंबर लागला, तेव्हा मी आधी पेढे वाटले आणि मग हिशेब केला. क्रम उलटा हवा होता.

आमचं घर मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात, संत्र्याचा बगीचा सौंसर तहसिलीत, बोली वऱ्हाडी आणि कागद सगळे हिंदीत. 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. मग रेघ ओढली गेली आणि आजोबांचं गाव जागचं न हलता नागपूरला परकं झालं. संत्र्यांना रेघ कळत नाही; ती आजही बिनदिक्कत नागपूरची म्हणून विकली जातात. पोरीला ते जमेना. महाराष्ट्राच्या शिष्यवृत्तीला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. आमच्याकडे मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आहे, पण ती पदवीसाठी. लोकसेवा केंद्रातला पोरगा हळहळला, "काकाजी, पोरगी जरा जास्तच शिकली."

तरी कागद जमवले. मूलनिवासी, आय प्रमाणपत्र, समग्र आयडी. समग्रमध्ये अख्ख्या कुटुंबाचा नंबर आठ आकडी आणि एकेका माणसाचा नऊ आकडी. म्हणजे आमच्या घरातला प्रत्येकजण घराहून एका आकड्यानं मोठा. हे मला लग्नापासून माहीत होतं, सरकारला आत्ता कळलं.

सयाजीरावांनी 1913 साली आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडलं, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. समग्र आयडी मागितला नाही. बदल्यात दहा वर्षं बडोद्याच्या चाकरीचा करार मात्र करून घेतला. राजा असला तरी हिशेबी होता.

गेटमुळे पोरीला महिन्याला 12,400 रुपये मिळणार होते. फुकट नाही, आठवड्याला आठ तास खालच्या वर्गांचं काम करायचं. पण ते पैसे कधी येतील हे कोणी सांगेना आणि फी कधी भरायची हे सगळेच सांगत होते. उरलं कर्ज.

चार लाखांत भागत होतं. अर्ज भरताना ही म्हणाली, "अजी, लॅपटॉप त लागनच. वीस हजार अजून लिवा." लिहिले. मॅनेजर बिहारकडचे, सज्जन. आकडा बघून हसले, "चार सौ बीस?" मग समजावलं की चारपर्यंत काही लागत नाही, त्याच्या वर गेलं की एक जामीनदार लागतो आणि पाच टक्के रक्कम आपल्या खिशातली. चार लाख वीस हजाराचे पाच टक्के म्हणजे एकवीस हजार. वीस हजार मिळवण्यासाठी एकवीस हजार भरायचे. मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर पाहत होती.

अर्ज मागे घ्यावा तर नव्यानं सगळे कागद. म्हणून जामीनदार शोधला : हिचा भाऊ, रेघेपलीकडच्या नरखेडचा. तो सातबारा घेऊन आला. मॅनेजर म्हणाले, "ये सातबारा क्या है? ऋण पुस्तिका लाइए." आमच्या मध्य प्रदेशात शेतकऱ्याच्या जमिनीच्या वहीचं नावच भू-अधिकार एवं ऋण पुस्तिका. शेत आहे म्हणजे कर्ज असणारच, हे छापतानाच गृहीत धरलेलं. असा प्रामाणिक सरकारी कागद मी दुसरा पाहिला नाही. शेवटी सातबाऱ्याला चिठ्ठी टाचली : 'महाराष्ट्र की ऋण पुस्तिका'. फाइल पुढे सरकली. ही जामसावळीच्या मारुतीला नारळ फोडून आली. तो मारुती आडवा पहुडलेला आहे. आमची फाइल बँकेत पडून असताना त्याच्याशी माझी चांगली ओळख झाली होती.

कर्जाची परतफेड शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू व्हायची आहे. जामीनदाराची वसुली मात्र लगेच सुरू झाली. दर रविवारी फोन : "भाऊजी, पोरीचे मार्क किती आले?" आंबिया बहाराला दोन पेट्या संत्री त्याच्याकडे जातात. नरखेडला! जिथे संत्र्यांत वाट काढत चालावं लागतं.

परवा दुसऱ्या हप्त्यासाठी बँकेत गेलो. जुन्या मॅनेजरची बदली झाली होती. नव्या साहेबांनी फाइल उघडली, पानं उलटली, चिठ्ठी टाचलेल्या जागी थांबले. चष्मा वर केला.

"ये सातबारा क्या है?"