मोकळ्या विचारांचे कॉलेज कसे निवडावे: बोईसरच्या पालकांसाठी मार्गदर्शिका

बारावीचा निकाल लागला की बोईसरमध्ये दोन प्रश्न ठरलेले: कट-ऑफ किती आणि गाडी कितीची? त्यात एखाद्या घरात मुलगी म्हणते, ‘मला मोकळ्या विचारांचं कॉलेज हवंय.’ पालकांनी घाबरून जाऊ नये. पुढील क्रमाने जावे.

1. हेतू तपासावा. मोकळे विचार म्हणजे हजेरीतून मोकळीक नव्हे. पाल्याचा हेतू तेवढाच असेल, तर लांब जाण्याची गरज नाही.

2. माहितीपत्रक मागून वाचावे. पुढच्या पानावर फुले-शाहू-आंबेडकर असतात, मागच्या पानावर आचारसंहिता. चेंबूरच्या एका कॉलेजने 2024 मध्ये हिजाब, टोपी, बॅज यांना आवारात मनाई केली. सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये त्याला स्थगिती दिली आणि उद्या टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असे विचारले. डोक्यात काय आहे यापेक्षा डोक्यावर काय आहे याची जिथे जास्त चौकशी, तिथे फी भरण्याची घाई करू नये.

3. नोटीस बोर्ड पाहावा. काचेला कुलूप असेल, तर किल्ली कोणाकडे असते ते शिपायाला विचारावे. आत विद्यार्थ्याने स्वतःहून लावलेला एक तरी कागद हवा. हरवलेल्या छत्रीचाही चालेल. मात्र त्या छत्रीखालीही प्राचार्यांचा सही-शिक्का असेल, तर काय ते समजावे.

4. निवडणुकीची चौकशी करावी. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. 2016 च्या कायद्याने निवडणुका कागदावर परत आणल्या. नंतर त्या लांबणीवर पडल्या. अठरा वर्षांची मुलगी आमदार निवडू शकते, वर्गप्रतिनिधी निवडताना मात्र तिची समज कमी पडते. गुणांची अट विधानसभेला लावल्यास किती बाके रिकामी राहतील, हा राज्यशास्त्राचा चांगला प्रकल्प होईल.

5. पालघर चाचणी घ्यावी. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते लाइक केले. दोघींना अटक झाली. श्रेया सिंघल या तरुणीने कोर्टात धाव घेतली आणि 24 मार्च 2015 रोजी सुप्रीम कोर्टाने या अटकेत लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ रद्द केले. प्राचार्यांना नम्रपणे विचारावे, ‘सर, या मुली आपल्या कॉलेजच्या असत्या तर?’ गुण असे द्यावेत: ‘पाठीशी उभे राहिलो असतो’ – दहा. ‘समिती नेमली असती’ – चार. ‘आमच्या मुली असलं काही करत नाहीत’ – शून्य. ‘पाल्याचा अर्ज क्रमांक सांगा’ – स्टेशन गाठावे.

6. वेळापत्रक जुळवावे. वादसभा, पथनाट्य, कट्टा हे सगळे लेक्चर संपल्यावर सुरू होते. बोईसरची मुलगी तेव्हा डहाणू लोकलकडे पळत असते. कॉलेज मुंबईत असेल, तर चर्चगेटहून घर शंभर किलोमीटर. क्रांती अर्ध्यावर सोडावी लागते. उरलेली चर्चा लेडीज डब्यात करावी. तिथे नर्स, एमआयडीसीतल्या कामगार बायका आणि भाजी निवडणाऱ्या मावश्या चौथ्या सीटवरून सरकारपर्यंत सगळ्यांना जाब विचारतात, प्राचार्यांच्या परवानगीशिवाय.

7. जिल्ह्यातही शोधावे. 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारली उठावाचे नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकरांच्या नावाचे कॉलेज तलासरीत आहे. प्रश्न विचारायची सवय चर्चगेटहूनच आणावी लागते असे नाही. अर्थात नाव कोणाचेही असो, कलम 3 मधली छत्री तिथेही शोधावी.

8. उलट तपासणी करावी. जिथे सगळेच मोकळ्या विचारांचे आणि सगळ्यांचा विचार एकच, तिथेही गुण कापावेत.

विशेष सूचना: कॉलेज खरोखरच मोकळे निघाले, तर पाल्य घरीही प्रश्न विचारू लागेल: भावाला रात्री अकरापर्यंत सूट का, आणि स्थळ जातीतलेच का? तेव्हा ‘आपल्या घरात असलं चालत नाही’ हे उत्तर देण्यापूर्वी कलम 5 मधला गुणतक्ता पाहावा.