पाच वॅटचा बँड

इलेक्ट्रिक गिटार हे मुळात मुकं वाद्य आहे. साध्या गिटारीला पोट असतं, त्यात आवाज घुमतो. हिचं सगळं अंग भरीव लाकडाचं. तारांखालचे लोहचुंबक आणि त्यांच्याभोवतीची तांब्याची वेटोळी तारेची थरथर विजेत बदलतात, ती वीज केबलमधून ॲम्पकडे जाते आणि तिथे कुठे तिला कंठ फुटतो. ॲम्प नसेल तर कंपासपेटीला रबर बँड लावून वाजवल्याइतपतच आवाज. पाहुणे हौसेने "वाजवा की काहीतरी" म्हणतात, आपण डोळे मिटून जीव ओतायला लागतो आणि दोन मिनिटांनी त्यांच्यातलं कोणीतरी हळूच विचारतं, "सुरू झालं का?"

म्हणून ॲम्प हवा. आणि ॲम्प म्हटलं की शेजारी आले.

१९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या दुकानात त्यांच्या नावाचा पहिला ॲम्प तयार झाला. मार्शल स्वतः ड्रमवादक. गिटारवाल्यांना एवढा मोठा आवाज एका ड्रमवाल्याने मिळवून द्यावा, याला औदार्य म्हणावं की भोळेपणा, ते त्यांचं तेच जाणोत. तीनेक वर्षांत 'द हू' या बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांच्याकडे शंभर वॅट मागू लागले होते. आता गंमत अशी, की शंभर वॅटचा आवाज दहा वॅटच्या दहापट नसतो; कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. बाकीची सगळी ताकद शेजाऱ्यांशी असलेले संबंध बिघडवण्यात खर्च होते.

आम्ही राहतो ठाण्यात, तिसऱ्या मजल्यावर. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत: निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे डेसिबल मोजायचं यंत्र नाही, उलथनं आहे. ते खिडकीच्या ग्रिलवर दोनदा वाजलं, की कायदा लागू झाला असं समजायचं. अंमलबजावणी इतकी तत्पर, की दहा कशाला, साडेआठलाच होते.

या प्रश्नावर जगातल्या शहाण्या माणसांनी डोकं चालवलेलं आहे. १९७३ साली अमेरिकेत पिगनोज नावाचा बॅटरीवरचा पाच वॅटचा ॲम्प निघाला. त्याचं बटण खरोखर डुकराच्या नाकासारखं आहे. १९८२ साली टॉम शोल्झ यांनी कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा 'रॉकमन' काढला. हे एमआयटीतून शिकलेले इंजिनिअर, पोलरॉइडमध्ये नोकरी केलेले, आणि 'बॉस्टन' या बँडचे सर्वेसर्वा. गिटार त्यात खुपसायची, हेडफोन लावायचा, शेजारी निर्धास्त. २०१० मध्ये 'आयरिग' नावाची पिन आली आणि मोबाइलच ॲम्प झाला. पुढे २०१६ मध्ये ॲपलने आयफोनचं हेडफोनचं भोकच बुजवलं, तेव्हा त्या पिनवाल्यांचं काय झालं असेल, ते मधलं अडॅप्टर शोधत ड्रॉवर उपसलेल्या कोणालाही विचारा.

माझा डबा त्यानंतरच्या पिढीतला. वीतभर लांब, पाच वॅटचा, मोबाइलच्याच चार्जरवर चालणारा. मोबाइलमधलं गाणं त्यात ब्लूटूथने येतं, गिटार मात्र केबलनेच जोडायची. हे कंपनीने जुनाटपणामुळे केलेलं नाही. ब्लूटूथमध्ये आवाजाची गाठोडी बांधून पाठवतात आणि पलीकडे सोडतात. या बांधाबांधीत शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. गाणं सगळंच्या सगळं उशिरा आलं तर बिघडत नाही. पण आपण तार आत्ता छेडली आणि सूर मागून आला, तर बोटं भांबावतात. बिनतारी इअरफोन लावून हा प्रयोग जरूर करावा. आपलीच गिटार आपल्याला उलट उत्तरं देते आहे, असा भास होतो.

तर हेडफोन वायरचा. तो चढवला की माझ्या कानात वेम्बली स्टेडियम भरतं. हॉलमध्ये बसलेल्यांना मात्र ऐकू येतं ते टिक, टिंग, टिकटिक. त्यात माझा चेहरा. तार ताणून सूर वर चढवताना, म्हणजे बेंड करताना, तोंड आपोआप आक्रसतं. मोठमोठ्यांनाही हे टळलेलं नाही. स्टेजवर त्या चेहऱ्याच्या मागे आवाज असतो, म्हणून लोक त्याला भावना म्हणतात. आवाज काढून घ्या, उरतो तो मूळव्याधीचा पेशंट. हिने एकदा हातातली भाजी खाली ठेवून विचारलं, "अहो, दुखतंय का कुठे?"

शिवाय कान झाकलेले असले की माणूस नकळत गुणगुणतो, आणि स्वतःचं गुणगुणणं काही त्याला ऐकू येत नाही. बँड माझ्या एकट्यासाठी, गायक सगळ्या घरासाठी. लेकीने त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, वर मथळा: 'बाबा अनप्लग्ड'. माझ्या सख्ख्या भावाने त्यावर हात जोडल्याची खूण पाठवली. ती नमस्काराची की विनवणीची, हे मी विचारलेलं नाही.

ब्लूटूथची आणखी एक तऱ्हा. हिने एकदा भाज्या चिरताना गाणी ऐकायला आपला फोन या डब्याला जोडला होता. तेव्हापासून डबा सुरू झाला की आधी तिचाच फोन ओळखतो. मी विकत घेतल्याचं त्याला काही नाही. मग सोलो ऐन रंगात आला असताना कानात मेहुणीचा व्हॉइस मेसेज येतो: "अगं ताई, कैऱ्या कशा किलो मिळाल्या?" तोही स्टिरिओत.

या डब्याच्या मोबाइलवरच्या ॲपचं प्रकरण वेगळंच. पडद्यावर जगातल्या नामांकित ॲम्पची हुबेहूब चित्रं, त्यांवर बोटाने फिरवायची बटणं. त्यातलं गेन नावाचं बटण उजवीकडे नेलं की आवाज फाटतो, आणि फाटावा हीच इच्छा असते. या फाटण्याला थोर परंपरा आहे. लिंक रे या अमेरिकन गिटारवादकाने १९५८ च्या सुमाराला मनासारखा घोगरेपणा मिळावा म्हणून ॲम्पच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. 'द किंक्स' या बँडच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेड घेऊन स्पीकरचा कागदच चिरला आणि १९६४ च्या 'यू रिअली गॉट मी'मध्ये तो चिरलेला आवाज जगभर गेला. वयाने पोरगेलाच होता. आमच्या घरात असता तर मार खाल्ला असता. आता तीच चीर गणित मांडून ॲपमध्ये बसवलेली आहे. वडिलांनी घरच्या रेडिओची खरखर जावी म्हणून दुरुस्तीवाल्याला पैसे मोजले. मी ती यावी म्हणून मोजतो. आणि ती किती यावी हे ठरवण्यात संध्याकाळ जाते. सूर लावून होईपर्यंत कुकरच्या शिट्ट्या झालेल्या असतात.

पण खरी करामत साथीची. चार कॉर्ड वाजवून दाखवा, ॲप त्या ऐकतं आणि मागे ड्रम आणि बास उभे करतं. 'स्पार्क' ॲम्पच्या ॲपने ही सोय 'स्मार्ट जॅम' नावाने आणली, त्यालाही आता काही वर्षं झाली. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. माझी आत्या गाणं शिकायची तेव्हा घरात बंगळुरूच्या रॅडेलचं 'तालमाला' होतं. तीनताल लावायचा, लय ठरवायची आणि बसायचं. यंत्र कधी समेला दाद द्यायचं नाही, आणि सम हुकली तर कपाळाला आठीही पाडायचं नाही. आत्या आठवडाभर खुशीत गायची. रविवारी खरे तबलजी यायचे. ते काही बोलायचे नाहीत, फक्त पहिल्याच आवर्तनाला डग्ग्यावरून मान वर करून एकदा बघायचे. त्या बघण्यात आठवड्याचा हिशेब असे. सोमवारी आत्या यंत्र कपाटात टाकायची. बुधवारी परत काढायची.

आमचे गिटारचे सर वसईकडच्या लग्नांतून आयुष्यभर वाजवलेले. त्यांना मी कौतुकाने हा ड्रमर ऐकवला. त्यांनी डोळे बारीक करून ऐकला.

"हा मधेच पाणी प्यायला जात नाही?"

"नाही सर."

"पैसे? जेवण?"

"काही नाही."

"आणि तू चुकलास तर शिवी देतो?"

"नाही हो."

"मग तू सुधारणार कधी रे बाबा?" असं म्हणून त्यांनी डबा उलटा करून बघितला, बहुधा शिवीचं बटण कुठे आहे ते शोधायला.

सध्या मात्र डब्याचा सर्वाधिक उपयोग भलत्याच ठिकाणी होतो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बायकांचा योगवर्ग भरतो. त्यांचा स्पीकर बिघडला, तेव्हा हिने परस्पर सांगून टाकलं, "आमच्याकडे ब्लूटूथवाला आहे, पडूनच असतो." सकाळी सहाला तो वर जातो. ब्लूटूथच्या आवाजाला गिटारचे इफेक्ट लागत नाहीत, त्यामुळे गेन कितीही ठेवला तरी ओंकार ओंकारच राहतो. मला थोडी आशा होती. दुसऱ्याच दिवशी त्या उलथन्यावाल्या काकूंचा निरोप आला, की आवाज जरा वाढवता येईल का, मागच्या ओळीत शवासनात नीट ऐकू येत नाही. पाच वॅटच्या वर तो जात नाही, हे मी त्यांना जिन्यात उभं राहून समजावून सांगितलं. बोलताना मला कसला आनंद होत होता, ते चेहऱ्यावर दिसू नये याची खबरदारी घेतली.

काल डबा परत द्यायला काकू स्वतः आल्या. "छान आहे हो तुमचा स्पीकर," म्हणाल्या, "फक्त बाजूला हे एवढं मोठं भोक कशाला ठेवलंय? धूळ जाते आत. मी कापूस घालून बुजवलंय."