लिहिलं, पण सांगितलं नाही

एकादशीच्या सकाळी घरात साबुदाणा नव्हता. फ्रीजवरच्या यादीत मी तो ठळक अक्षरांत लिहिला होता. "लिहिलं होतं की मी!" मी म्हणालो. "मला सांगितलंस का?" बायको म्हणाली. वऱ्याचे तांदूळ खाऊन मी कामाला बसलो.

मी ईमॅक्समध्ये कोड लिहितो. 1976 साली जन्मलेला हा एडिटर. वरच्या खिडकीत माझा पायथनचा कोड, खालच्या खिडकीत तीन बाण काढून बसलेला पायथनचा शेल. शेजारी शेजारी दिसतात म्हणून दोघांचं गूळपीठ असेल असं वाटतं. छे! शेल ही निराळी प्रोसेस. ईमॅक्स तिला 'इन्फीरियर' म्हणतो, म्हणजे शुद्ध सरकारी मराठीत कनिष्ठ लिपिक. पायथन येतं ते या लिपिकालाच. साहेब नुसते मजकूर खाली सरकवतात आणि तीन बाण पुन्हा दिसले की काम झालं असं समजतात.

लिपिकही विक्षिप्त. मी एकदा फंक्शन उचलून थेट साध्या शेलमध्ये चिकटवलं. मधे एक कोरी ओळ होती. ती दिसताच गड्यानं फंक्शन संपलं असं ठरवलं आणि पुढच्या ओळीला "ही आत का सरकली?" म्हणून भांडायला उठला. आमच्या आत्याशी फोनवर बोलताना श्वास घ्यायला थांबलं की ती "बरं, ठेवते" म्हणते, तसंच. म्हणून ईमॅक्स ओळीओळीनं वाचून दाखवत नाही, अख्खा गठ्ठा एकदम सोपवतो.

क्लोजर भाषावाल्यांकडे एडिटर आणि शेल यांच्यात निरोप नेणारा एनरेपल असतो, त्याचा कारभार मात्र चोख. प्रत्येक निरोपाला आयडी, उत्तरावर तोच आयडी, शेवटी 'डन'चा शेरा. थेट आवक-जावक रजिस्टरच! आमच्याकडे तीन बाणांवर भागवायचं.

तर त्या दिवशी मला कराचा दर 12 वरून 18 टक्के करायचा होता. केला. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एस, सेव्ह. शेलला हजार रुपयांवरचा कर विचारला. 120. पुन्हा सेव्ह केलं. 120. कंसावर संशय घेतला, पायथनवर घेतला, शाळेतल्या गणिताच्या बाईंवरही घेतला. दोन तास गेले. मग ट्यूब पेटली: सेव्ह केलेलं डिस्कवर गेलं होतं, शेलच्या डोक्यात सकाळचंच फंक्शन बसलेलं. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. कंट्रोल-सी, कंट्रोल-सी दाबून अख्खा गठ्ठा शेलकडे पाठवला. पुन्हा विचारलं. 180.

मी उठलो, यादीत साबुदाण्याखाली दोन रेघा ओढल्या आणि बेडरूमच्या दारात जाऊन खणखणीत आवाजात म्हणालो, "साबुदाणा आणायचाय!"

बायकोच्या कानात हेडफोन होते. मी दारातच उभा राहिलो, तीन बाणांची वाट बघत.