पटाचा पहिला बैल: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे ते आधी सांगून टाकतो. उसाचं बिल खात्यावर पडलंय, ट्रॅक्टरचा हप्ता महिनाभर लांब आहे आणि शर्यतीचे व्हिडिओ बघून रात्रीची झोप गेलीय, अशा घनसावंगी तालुक्यातल्या तरुण शेतकऱ्यासाठी ती आहे. वयाची अट पंचवीस ते पंचेचाळीस. त्यापुढच्या मंडळींना मार्गदर्शन लागत नाही, ती फक्त देतात.

वाचकांपैकी एखाद्याच्या मनात बैलाऐवजी गाडी असेल. अमेरिकन, रुंद बोनेटची, सुरू केली की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठतील अशी. फोर्डची मस्टँग 2016 साली भारतात आली तेव्हा तिची शोरूममधली किंमत 65 लाखांच्या घरात होती आणि ताकद चारशे अश्वशक्तीच्या आसपास. आपल्या बैलाची ताकद कृषी विद्यापीठाच्या हिशेबाने अर्धी ते पाऊण अश्वशक्ती. कागदावर सामना एकतर्फी आहे. पण ती गाडी मनाजोगती पळवायची तर मध्य प्रदेशात पीथमपूरला, 11.3 किलोमीटरच्या चाचणी-पट्टीवर जावं लागेल, तेही तिथल्यांनी आत घेतलं तर. तीर्थपुरीच्या रस्त्यावर तिची चाल आणि उसाच्या ट्रॉलीची चाल एकच. शिवाय मे 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीला झालेल्या बैलगाडा शर्यतीत बक्षिसांमध्ये जेसीबी होता, बोलेरो होती, ट्रॅक्टर होते. म्हणजे बैल घेतला तर गाडी मिळण्याची शक्यता असते. गाडी घेऊन बैल मिळाल्याचं उदाहरण अजून पुढे आलेलं नाही. विषय संपला.

पायरी पहिली: कायदा समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यती बंद केल्या. राज्याने 2017 साली कायदा बदलला, तो पुन्हा कोर्टात अडकला, 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने कायदा कायम केला. नवशिक्याने या तारखा पाठ कराव्यात, पण वेगळ्या कारणासाठी. बंदी आली तेव्हा दोन दाती असलेला बैल परवानगी मिळेपर्यंत म्हातारा झाला होता. मधल्या साडेसात वर्षांत कोणाचा बैल किती पळाला याची अधिकृत नोंद नाही. त्यामुळे पारावर बसलेला प्रत्येक माणूस त्या काळातल्या एका अजिंक्य बैलाचा मालक असतो. बैल गेला, घड्याळ नव्हतं, साक्षीदार मेव्हणा. ऐकून घ्यावं, चहा सांगावा, पैसे लावू नयेत.

पायरी दुसरी: घरी सांगा. बैल दावणीला बांधल्यानंतर.

पायरी तिसरी, आणि खरा प्रश्न: खिलार की लाल कंधारी? मराठवाड्यात देवणीही आहे आणि देवणीवाले रागावतील हे मला ठाऊक आहे. पण उदगीरच्या बाजूचा तो धिप्पाड, शांत गडी पटापेक्षा प्रदर्शनात जास्त शोभतो असं माझं मत आहे, आणि मार्गदर्शिका माझी आहे.

खिलार हा सांगली, सातारा, सोलापूरच्या माणदेशी दुष्काळी पट्ट्यातला. खरसुंडीच्या जत्रेत, सांगोल्याच्या बाजारात बघावा. रंग पांढरा किंवा कोसा, चेहरा लांबट, कपाळावर मधोमध उभी खाच, शिंगं मागे जाऊन वर वळलेली, कातडी अंगाला अशी घट्ट की चिमटीत येत नाही. पाय उंच, खूर काळे आणि टणक. उभा असला तरी तो थांबलेला वाटत नाही. कान एका आवाजाकडे, डोळा दुसरीकडे. पटात धावणारे बहुतेक नामांकित बैल याच रक्ताचे, याबद्दल वाद नाही. वाद पुढचा आहे. खिलार मनाने तापट. तो एका माणसाला मानतो, आणि तो माणूस तुम्हीच असाल याची खात्री बाजारात कोणी देत नाही. पाहुण्याने नव्या कपड्यात जवळ जावं, मग पाहुणाही पटाच्या वेगाने परत येतो.

लाल कंधारी आपल्याच गोदावरीच्या खालच्या अंगाचा, नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेलात तर रांगेने बांधलेले दिसतील. गर्द लाल, डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड, अंगाने मध्यम, स्वभावाने गरीब. कमी चाऱ्यावर टिकतो, काळ्या रानात औत ओढतो, पोरगं पोटाखालून गेलं तरी शेपटी हलवत नाही. पळतोही, पण पळण्यासाठी त्याला कारण लागतं. खिलाराला लागत नाही.

नवशिक्याला इथेच मोह होतो. व्हिडिओत कंधारी दिसत नाही, सगळा खिलार दिसतो. पण व्हिडिओत धावेचे काही सेकंद असतात, उरलेला दिवस नसतो. पटाचा खिलार पाळायचा म्हणजे सरकी, शेंगदाण्याची पेंड, मक्याचा भरडा, उडदाची डाळ, शौकीन मालकाकडे दूध आणि अंडीही. रोज फिरवायला माणूस, आठवड्याला पोहणी, आणि औताला जुंपायचं नाव काढायचं नाही. घरातल्या पोरांना अंडं आठवड्यातून दोनदा आणि बैलाला रोज, असं झालं की दुसऱ्या पायरीवर टाळलेली चर्चा आपोआप होते.

पायरी चौथी: बाजार. इथे घाई करू नका. हेड्याला आधीच कळलेलं असतं की तुम्ही नवे आहात, कारण तुम्ही बैलाच्या शिंगांकडे बघताय. जाणकार आधी खाली बघतो. चारही खूर जमिनीला सारखे टेकतात का, मागचा पाय पुढच्याच्या खुणेवर किंवा त्याच्या पुढे पडतो का, गुडघ्याला सूज आहे का. मग दात. खालच्या जबड्यात पुढचे आठ दात बघायचे. वर पुढे दात नसतातच, ते कोणी पाडलेत असा आरोप बाजारात करू नये. दुधाचेच दात असतील तर आदत. दोन पक्के म्हणजे साधारण अडीच वर्षांचा. मग चार, सहा, आणि आठ झाले की जुळलेला, म्हणजे चार-साडेचारच्या पुढे. जुळल्यानंतर वय दातांच्या झिजेवरून ओळखतात आणि तिथून पुढे हेड्याचाच शब्द चालतो. त्याच्या मते प्रत्येक जुळलेला बैल नुकताच, गेल्या सोमवारी जुळलेला असतो. नवशिक्याने चार दाती घ्यावा. शिकवता येतो आणि शिकवलेलं काढूनही टाकता येतं.

अंगावरचे भोवरे तुमच्या आजोबांना दाखवा. शास्त्रात त्यांचा वेगाशी संबंध नाही, पण पुढे विकताना गिऱ्हाइकाच्या आजोबांच्या शास्त्रात असतो.

भाव रुमालाखाली ठरतो. दोघांचे हात कपड्याखाली जातात, एक बोटं धरतो, दुसरा मान हलवतो. धरलेलं एक बोट हजार असतं, दहा हजार असतं की लाख, हे उघड बोलत नाहीत; दोघांना ठाऊक असतं. तिसरे तुम्ही. म्हणून रुमालाखाली स्वतःचा हात घालू नका, गावातल्या जुन्या माणसाचा घाला आणि त्याला गावात परत येईपर्यंत काही विचारू नका. कानातला बारा आकडी बिल्ला मात्र स्वतः वाचा. 2022 मध्ये लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद पडले, तेव्हापासून बिल्ला आणि लसीची नोंद नसलेलं जनावर स्वस्तात मिळतं, यात सगळं आलं.

इथपर्यंत वाचून ज्यांनी एक बैल पसंत केला, त्यांच्यासाठी पाचवी पायरी जरा कडू आहे. शंकरपटात बैल एकटा पळत नाही. छकड्याच्या जुवाला दोन लागतात. खिलार की कंधारी हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न, जोडीला कोण? एकाची टाप लांब, दुसऱ्याची आखूड असली तर छकडा तिरका जातो आणि सरळ पट्टीवर तिरकं जाणं म्हणजे प्रेक्षकांत जाणं. त्यातही डाव्या खांद्याचा बैल उजवीकडे बिचकतो. मोठमोठे मालकसुद्धा म्हणून एकेक बैल ठेवतात आणि पैरा करतात: तुझा डावा, माझा उजवा, बक्षीस निम्मं. औताला जशी सावड असते तशीच ही. म्हणजे पटाची तयारी गोठ्यात कमी आणि शेजाऱ्याशी बांधाचं भांडण मिटवण्यात जास्त होते. कुंभार पिंपळगावात तुमच्या खिलाराच्या चालीचा एकमेव बैल ज्याच्याकडे आहे, त्याच्याशीच तुमचा पाटाच्या पाण्यावरून तीन पिढ्यांचा अबोला निघतो. हा नियम आहे, अपवाद नाही.

शर्यतीच्या दिवसाचं थोडक्यात. धाव 1000 मीटरपेक्षा जास्त नको. धुरकऱ्याच्या हातात चाबूक नको, पराणी नको, बॅटरीचा झटका तर नकोच. छळ सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे आणि त्यात निम्मं वाटून घ्यायला पैरेकरी येत नाही. काही जुन्या मंडळींना या अटी जाचक वाटतात. मला वाटत नाहीत. टोचल्याशिवाय जो बैल पळत नाही तो पटाचा नव्हे, तो औताचा. आणि चुकीचं जनावर बाजारात उचलल्याची शिक्षा त्याला का?

हरल्यावर काय बोलावं, याचीही तयारी ठेवा. सर्वमान्य कारणं अशी: निशाण उशिरा पडलं, घड्याळवाला त्यांचा पाहुणा, पट्टीला उतार त्यांच्या बाजूने, काल पोहणी जास्त झाली. जोडीचा बैल कमी पडला, हे कारण खरं असलं तरी बोलू नये. पाटाचं पाणी अजून यायचंय.

आता निकाल. पहिला बैल लाल कंधारी घ्या, चार दाती, उजव्या खांद्याचा. नंबर बहुधा येणार नाही. पण तो पेरणीला चालेल, घरच्यांना चालेल, पोळ्याला मिरवेल, आणि दोन हंगामांत छकडा, कासरा, घड्याळ आणि माणसं यांची ओळख होईल. खिलार त्यानंतर, तोही खिशात वर्षभराच्या पेंडीचे पैसे वेगळे काढून. आणि दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी पटाला नेण्याआधी सरकारी पशुवैद्यकाकडून तंदुरुस्तीचा दाखला घ्या, आयोजकाकडे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आहे का ते स्वतः डोळ्यांनी बघा. नसेल तर छकडा टेम्पोतून उतरवूच नका.